सिगारेटच्या धुरात पोलोनियम कुठून येतं?

२००६ मध्ये लंडनमध्ये अलेक्झांडर लिट्विनेन्को या रशियाच्या माजी गुप्तहेराचा विषबाधेने मृत्यू झाला. ते विष होतं पोलोनियम-२१०. हाच पदार्थ सिगारेटमध्येही असतो, अशा पोस्ट अधूनमधून फिरत असतात. दावा खरा आहे. मात्र सिगारेटमधलं प्रमाण अतिसूक्ष्म असतं आणि धोका वर्षानुवर्षं ओढण्यातून साठत जातो.

ही माहिती नवी नाही. हार्वर्डचे एडवर्ड रॅडफोर्ड आणि व्हिल्मा हंट यांनी १९६४ मध्येच ती 'सायन्स' या नियतकालिकात मांडली होती.

पानात कसं शिरतं?

फॉस्फेट खडकात नैसर्गिक युरेनियम आणि रेडियम असतं. त्या खडकापासून बनवलेल्या खतातून ते शेतात येतं आणि काही भाग मुळांवाटे रोपात जातो. दुसरी वाट हवेतली. जमिनीतून निघणाऱ्या रेडॉन वायूचं विघटन होऊन शेवटी किरणोत्सर्गी शिसं, म्हणजे शिसं-२१० तयार होतं. तंबाखूच्या पानावर बारीक चिकट लव असते, तिला हे कण चिकटतात. पाऊस पडला तरी ते सहज धुतले जात नाहीत.

पोलोनियमचं अर्धायुष्य १३८ दिवसांचं, शिसं-२१० चं मात्र सुमारे २२ वर्षांचं. त्यामुळे पानं वाळवून गोदामात ठेवली तरी आतलं शिसं नवं पोलोनियम तयार करत राहतं.

शरीरात काय होतं?

पोलोनियममधून अल्फा कण बाहेर पडतात. साधा कागदही त्यांना अडवतो, म्हणून पाकीट खिशात ठेवल्याने काही होत नाही. सिगारेट पेटली की पोलोनियमची वाफ होते आणि ते धुराबरोबर आत जातं. श्वासनलिकेला जिथे फाटे फुटतात तिथे धुराचे कण अडकतात. नळीची सफाई करणारे सूक्ष्म केस धूम्रपानाने आधीच दुबळे झालेले असतात. मग अल्फा कणांची सगळी ऊर्जा आसपासच्या मोजक्या पेशींवर उतरते आणि त्यांच्या डीएनएला इजा होते. फिल्टर यातलं थोडंच अडवतो.

'वर्षाला ३०० एक्स-रे' हे खरं का?

हा आकडा १९८२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापलेल्या एका पत्रातला आहे. दिवसाला दीड पाकीट ओढणाऱ्याच्या श्वासनलिकेतल्या काही ठिपक्याएवढ्या जागांसाठी तो हिशेब होता. पूर्ण शरीराला ३०० एक्स-रेइतकं किरण लागतं, असा त्याचा अर्थ काढणं चूक आहे. शिवाय धुरात कर्करोगाला कारण ठरणारी ७० हून अधिक रसायनं असतात. एखाद्या रुग्णाच्या बाबतीत एकट्या पोलोनियमवर बोट ठेवता येत नाही.

कंपन्यांना माहीत होतं?

होतं. अमेरिकेतल्या खटल्यांमुळे उघड झालेल्या अंतर्गत कागदपत्रांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. कंपन्यांनी अनेक दशकं यावर स्वतः संशोधन केलं, पोलोनियम काढून टाकायचे प्रयत्नही केले. पण लोकांचं लक्ष वेधलं जाईल म्हणून निष्कर्ष छापले नाहीत, असं त्यातून दिसलं. दडवण्याएवढी ही बाब त्यांना गंभीर वाटत होती, हे बोलकं आहे.

महाराष्ट्रात ओढण्यापेक्षा चघळण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. त्यात धूर नसल्याने पोलोनियम फुफ्फुसात जात नाही. तोंडाचा कर्करोग होतो तो मुख्यतः तंबाखूतल्या नायट्रोसमाइन्समुळे, आणि ती विडी-सिगारेटच्या धुरातही असतातच.