मौसमचा दर्या आणि चौलची वस्ती

कोकणी मुसलमानाला 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न आजही विचारला जातो. याचे उत्तर शोधताना आपण राजे आणि लढाया चाळतो. मला मात्र वाटते की आधी अरबी समुद्र समजून घ्यावा.

जगातले बहुतेक मोठे सागरी प्रवाह वर्षभर एकाच दिशेने वाहतात. अरबी समुद्रात तसे होत नाही. उन्हाळ्यात आशियाची भूमी तापते, नैऋत्येचा वारा सुटतो आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतचा सोमाली प्रवाह ईशान्येकडे धावू लागतो. ऐन पावसाळ्यात त्याचा वेग ताशी सात किलोमीटरपर्यंत जातो. हिवाळ्यात वारा उलटतो आणि हाच प्रवाह नैऋत्येकडे वळतो.

पावसाळी वारा आणि पृथ्वीचे फिरणे यांमुळे सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यावरचे वरचे पाणी खोल समुद्राकडे ढकलले जाते. त्याची जागा घ्यायला तळातले थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांच्यावर मासे जगतात. केरळच्या किनाऱ्यावरही हे घडते. तिथल्या तारली-बांगड्याचे गणित त्याच्याशी जोडलेले आहे. समुद्रावरून बाष्प उचलून हाच वारा सह्याद्रीला धडकतो.

हे उलटणे नवव्या शतकातच अरबी ग्रंथांत नोंदले गेले होते. उन्हाळ्यात समुद्र ईशान्येकडे आणि हिवाळ्यात नैऋत्येकडे वाहतो, असे इब्न खुर्दाजबिह याने लिहून ठेवले. 'मान्सून' आणि आपले 'मोसमी वारे' हे दोन्ही शब्द अरबी 'मौसम'वरून आले आहेत. मौसम म्हणजे ठरलेला काळ.

हा ठरलेला काळ मोडता येत नसे. नैऋत्य वाऱ्यावर आलेल्या गलबताला परतीसाठी ईशान्य वाऱ्याची वाट पाहावी लागे. वास्को द गामा 1498 मध्ये मालिंदीहून कालिकतला तीन-साडेतीन आठवड्यांत पोहोचला. परतताना मात्र वारा स्थिरावण्याआधीच, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, त्याने कारवारजवळचे अंजदीव बेट सोडले. तेच अंतर कापायला त्याला तीन महिने लागले आणि वाटेत त्याचे अनेक खलाशी रोगाने मेले.

अरब व्यापारी असे करत नसत, ते थांबत. थांबणाऱ्याला घर लागते, मशीद लागते, शेजार लागतो. अल-मसूदी 916 च्या सुमारास चौलला आला तेव्हा तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहिले आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले तर त्यांत होतेच, पण इथेच जन्मलेलेही होते. त्यांना तो 'बयासिरा' म्हणतो. त्यांच्यातलाच एक प्रमुख स्थानिक राजाने नेमला होता.

सातव्या शतकात ठाण्यावर अरबांची एक स्वारी झाल्याची नोंद आहे, ती नाकारायचे कारण नाही. पण त्या स्वारीतून वस्ती उभी राहिली नाही. चौलची वस्ती उभी राहिली ती व्यापारावर, आणि दिल्लीच्या फौजा दख्खनेत उतरण्याच्या साडेतीनशेहून अधिक वर्षे आधी.

म्हणून 'मूळचे कुठले?' असे विचारणाऱ्याला मी चौलच्या त्या बयासिरांविषयी सांगतो. हजार वर्षांपूर्वीच ते 'इथे जन्मलेले' म्हणून ओळखले जात होते.