पुनरुत्थान : एका शब्दाचा इतिहास



शाळेच्या सुट्ट्यांच्या यादीत गुड फ्रायडे असतो. पुसदच्या एखाद्या शाळेत पोरांनी विचारले, "गुरुजी, ज्या दिवशी येशूला क्रुसावर मारलं, तो शुक्रवार चांगला कसा?", तर काय सांगावे? त्या इंग्रजी शब्दाला पूर्वी 'पवित्र' असाही अर्थ होता, एवढे सांगून भागत नाही. कारण खरे उत्तर शुक्रवारात नाहीच, ते त्यापुढच्या रविवारात आहे. त्या रविवारला ईस्टर म्हणतात. क्रुसावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. त्या उठण्याला मराठीत शब्द आहे पुनरुत्थान.

हा सण चंद्रावर चालतो, ही गोष्ट आपणां पंचांग पाहणाऱ्यांना जवळची वाटेल. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान, म्हणजे आपल्या फाल्गुनी किंवा चैत्री पौर्णिमेच्या आगेमागे येतो. सर्वांनी हा सण एकाच रविवारी पाळावा, असे इ. स. ३२५ मध्ये निकेया येथील धर्मसभेने ठरविले.

आता शब्दाकडे वळू. पुनरुत्थान म्हटले की आपल्या मनात लगेच पुनर्जन्म येतो. पण या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. पुनर्जन्मात जीव जुना देह टाकतो आणि नवा घेतो. फेरा चालूच राहतो. पुनरुत्थानात फेरा नाही. तोच माणूस, त्याच नावाचा, एकदाच आणि कायमचा उठतो. मेलेला माणूस जिवंत होऊन पुढे म्हातारपणी पुन्हा मेला, असेही ते नव्हे. ज्याला पुन्हा मरण नाही असे ते जिणे आहे.

ही कल्पना आली कोठून? ती एका दुःखातून आली. इ. स. पूर्व १६७ च्या सुमारास यहुदी लोकांवर अँटायोकस नावाच्या ग्रीक वंशाच्या राजाचे राज्य होते. आपला धर्म सोडा, नाहीतर मरा, असा त्याचा हुकूम झाला. त्या काळाची एक कथा यहुदी लोक सांगत आले आहेत. एका आईचे सात मुलगे तिच्या डोळ्यांदेखत हालहाल करून मारले गेले, पण एकानेही मान तुकविली नाही. ज्या देवाने हा देह दिला तो तो परत देईल, या भरवशावर ते मेले. मनात प्रश्न उभा राहिला तो असा : जे खरेपणाने वागले म्हणून मारले गेले, त्यांना न्याय कधी मिळायचा? मारणारा तर सुखाने राज्य करतो आहे! देव न्यायी असेल तर त्याने या मेलेल्यांना उठविलेच पाहिजे, असे पुष्कळ यहुदी म्हणू लागले. सारेच नव्हे हं! त्यांच्यातला परूशी पंथ पुनरुत्थान मानी, सदूकी पंथ मानीत नसे. म्हणजे मरणाच्या भीतीइतकीच अन्यायाची चीड या आशेच्या मुळाशी आहे.

पुढे रोमचा सुभेदार पंतय पिलात, जो इ. स. २६ ते ३६ यहुदियात होता, त्याच्या अमलात येशूला क्रुसावर देण्यात आले. क्रूस ही शिक्षा गुलामांना आणि बंडखोरांना देत. ती केवळ मारण्यासाठी नव्हती, नामोनिशाण पुसण्यासाठी होती. शिष्य भिऊन पळाले. आणि तेच शिष्य थोड्याच काळात यरुशलेमच्या रस्त्यांत उघडपणे सांगू लागले की तो उठला आहे. कबर रिकामी असल्याची वार्ता पहिल्याने आणली ती बायकांनी, असे चारही शुभवर्तमाने सांगतात. त्या काळी बायकांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तिसऱ्या दिवशी काय घडले हे इतिहासकाराला मोजमाप लावून सिद्ध करता येत नाही. तो श्रद्धेचा प्रांत आहे. पण त्या श्रद्धेने भित्री माणसे निर्भय झाली, हे इतिहासाला नाकारता येत नाही. राजसत्तेने ज्याला गुन्हेगार ठरविले त्याला देवाने निर्दोष ठरविले, असा त्यांच्या सांगण्याचा अर्थ होता.

ही वार्ता ग्रीक लोकांत गेली तेव्हा अथेन्सचे पंडित हसले. आत्मा अमर आहे, देह हा तुरुंग आहे, असे तेथील कित्येक जाणते मानीत. तुरुंगात परत कोण जाईल? तेव्हा पौल नावाच्या प्रचारकाने करिंथच्या लोकांना इ. स. ५५ च्या सुमारास पत्र लिहिले आणि शेतकऱ्याचा दाखला दिला. आपण पेरतो तो दाणा, आणि वर येते ते हिरवे रोप. दाणा मातीत मुरतो, रोपाचे रूप निराळे असते. तरी ज्वारीच्या दाण्यातून ज्वारीच येते, तूर येत नाही. मृगात पेरणी करणाऱ्या आपल्या माणसाला हे समजावून सांगायला पंडित लागत नाही.

मराठीत ही गोष्ट फार पूर्वी आली. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने मराठी ओवीत क्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली छापले गेले. त्यातल्या दुसऱ्या पुराणात येशूचा जन्म, मरण आणि उठणे आले आहे. त्या आधी बाटवाबाटवीची जबरदस्ती आणि देवळांची मोडतोडही गोव्यात झाली, हे विसरून चालणार नाही. तरी परका मनुष्य आपल्या ओवीपाशी शिकायला बसला, हेही खरे. पुढे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल साध्या मराठीत आणले. जुन्या अर्थाचे ओझे असलेले संस्कृत शब्द त्या टाळीत. असे शब्द वापरले की ऐकणारा भलतेच समजतो, ही अडचण त्यांना पक्की ठाऊक होती. १९२२ साली त्या वारल्या, आणि ग्रंथ त्यानंतर छापून निघाला. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या अभंगांनी आपणांस ख्रिस्ताकडे नेले, असे ते म्हणत. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

या श्रद्धेचा व्यवहारात काय परिणाम झाला? एक म्हणजे, ख्रिस्ती लोक आपली माणसे बहुधा पुरतात आणि मेलेल्याला 'झोपी गेला' म्हणतात. झोपलेला मनुष्य उठायचा असतो. दुसरे म्हणजे, जो देह उठणार आहे तो टाकाऊ ठरत नाही. त्याची शुश्रूषा हे धर्मकृत्य होते. मिशनांनी दवाखाने काढले त्यामागे धर्मप्रसाराचा हेतू होताच, पण हाही विचार होता. पुसद तालुका १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात होता, मग यवतमाळला जोडला गेला. या दोन्ही बाजूंना मिशनचे दवाखाने झाले : वाशीमला नाझरीन मिशनचा, तर यवतमाळ जिल्ह्यात उमरीला फ्री मेथडिस्ट मिशनचा. यवतमाळात १९५३ साली निघालेले धर्मशिक्षणाचे विद्यालय, युनियन बिब्लिकल सेमिनरी, १९८३ पर्यंत तेथे होते. मग ते पुण्याला गेले.

शिक्षक बंधूंनो, मुलांना हे सांगताना चमत्काराची गोष्ट एवढेच सांगून थांबू नका. आणि "आपल्यातही असंच आहे" असे म्हणून दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळही करू नका. शेजाऱ्याची श्रद्धा पटली पाहिजे असे नाही. ती नीट समजली पाहिजे. श्रद्धा कोणाची कोणतीही असो, निरपराध म्हणून मेला त्याचे काय, हा प्रश्न सगळ्यांचाच आहे. ख्रिस्ती माणसाने त्याला दिलेले उत्तर म्हणजे तो रविवार. म्हणून त्याच्या लेखी आधीचा शुक्रवारही चांगला.