चिपटंभर ज्वारी

माझ्या हयातीत आमच्या घरातली भाकरी तीनदा बदलली. आधी मालदांडीची पांढरी होती, मग हायब्रीडची आली, मग मिलोची तांबडी, आणि शेवटी ती ताटातनं उठली न् तिच्या जागी चपाती बसली. शाळेत दहावीपर्यंत ज्या सनावळ्या पाठ केल्या त्यातली एक धड आठवत नाही. भाकरीच्या सनावळ्या तेवढ्या ध्यानात राहिल्या.

आमचं गाव मंगळवेढ्याकडचं. काळं रान, माणूसभर खोल माती. पाऊस बेभरवशाचा, पण उत्तरा-हस्ताचा एक बरा पाऊस पडला की पेरायचं आणि मग आभाळाकडं बघायचं नाही. मातीतल्या ओलीवर न् थंडीच्या दवावर मालदांडी येते. इथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या हीच ज्वारी पेरली. मोहोळच्या केंद्रात स्वातंत्र्याच्या आधीच त्यातनं निवडून पस्तीस-एक नावाचं वाण काढलं, तेही मालदांडीच. ज्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचं कोठार लोकांना खुलं केल्याची गोष्ट सांगतात, ते याच मंगळवेढ्याचे. त्या कोठारात दुसरं काय असणार? ज्वारीच.

माझी आजी पेवांच्या गोष्टी सांगायची. जमिनीत खड्डा खणायचा, आतनं कडबा लावायचा, ज्वारी भरायची न् वरनं माती लोटायची. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आतली वाफ माणूस मारते. आधी कंदील सोडायचा, तो विझला नाही तर माणूस. पेवातल्या ज्वारीला एक उबट वास यायचा, त्या भाकरीलाही यायचा. आजीला तो आवडायचा. माझ्या वेळेपर्यंत पेवं बुजली होती, घरात कणगी होती.

भाकरी करणं बघायला सोपं वाटतं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. जो काही असतो त्याला आमच्याकडं विरी म्हणतात, आणि पीठ शिळं झालं की विरी जाते, भाकरी थापता थापता तुटते. म्हणून आई चार दिवसांपुरतंच दळायची. काठवटीत पीठ घेऊन तळहाताच्या उंचवट्यानं एवढं मळायची की तिच्या बांगड्यांचा आवाज आम्हाला झोपेत ऐकू यायचा. तव्यात टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात. पाणी सुकायच्या आत उलटायची, नाहीतर चिरा पडतात. मग तवा उतरवून भाकरी चुलीच्या तोंडाशी आराला उभी करायची. ती टम्म फुगून पापुद्रा सुटला की आई तो पापुद्रा उचलून आत शेंगदाण्याची चटणी न् तेलाची धार घालून माझ्या हातात द्यायची. परातीतली पहिली भाकरी माझी, हा हक्क मी बहिणींना कधी दिला नाही. आता वाईट वाटतं, तेव्हा वाटत नव्हतं.

हायब्रीड आमच्या गावात सत्तरच्या आसपास आलं. दाणा भरघोस, भाकरी बेचव, पावसात सापडलं तर कणीस काळं पडायचं. त्याच्याविषयी एवढंच पुरे.

१९७२. त्याच्या आधीची सालंही धड नव्हती, पण त्या साली हस्तसुद्धा कोरडा गेला. विहिरीला तळ दिसला. जनावरं कुणी विकली, कुणी सोडून दिली. अण्णा आणि आई पाझर तलावाच्या कामावर जायला लागले. खडी फोडायची, माती वाहायची. पुढं वाचलं की १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यात आमच्या घरची दोन. कामावर सुकडी मिळायची, गूळ घातलेली गोडसर भरड. खोटं कशाला बोलू, मला ती फार आवडायची. आई आपल्या वाटणीची पदरात बांधून आणायची.

आणि रेशनवर मिलो आला. अमेरिकेतनं जहाजानं येतो म्हणायचे. तांबूस, बारीक दाणा. तिकडं तो जनावरांना घालतात हे नंतर कळलं. तेव्हा आम्ही रांगेत उभं राहून घेतला, आणि त्यानं माणसं जगवली, हेही तितकंच खरं. पण त्याची भाकरी थापली जात नव्हती. आई आधणाचं पाणी घालून उकड काढायची, तरी कडा फाटायच्या. तांबडी, कडवट भाकरी, गार झाली की खापरासारखी.

आजीच्या पोटात मिलो ठरेना. चैत्रात तिला हगवण लागली, अंगात काही राहिलं नाही. ती आईला म्हणाली, ‘पोरी, वाटीभर पांढऱ्या कण्या दे गं. मग मी काय मागत न्हाय.’

घरात पांढरी ज्वारी होती. माळवदाच्या खोलीत कोपऱ्यात एक डेरा होता, त्यात राख न् लिंबाचा पाला घालून चार पायल्या मालदांडीचं बी, तोंड शेणमातीनं लिंपलेलं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. अण्णा म्हणाले, ‘अगं, काढ मूठभर. म्हातारीपेक्षा बी मोठं हाय का?’ आई म्हणाली, ‘आवं, आज मूठ काढली की उद्या पोरं मागत्याल. मग पेरायचं काय, खडी?’ अण्णा उठून बाहेर गेले. असं आठ दिवस चाललं. त्या आठ दिवसांत मी आईशी नीट बोललो नाही. ती वाईट आहे असंच मला वाटत होतं.

नवव्या रात्री जात्याच्या आवाजानं जाग आली. आई अंधारात भरडत होती. जात्याखाली गोधडी घातलेली, आवाज शेजारी जाऊ नये म्हणून. गेला असता तर सकाळी दारात वाट्या घेऊन पोरं उभी राहिली असती, आणि त्यांना नाही कसं म्हणायचं? चिपटंभर काढली होती. कण्या शिजल्याचा वास आला तेव्हा माझ्या तोंडाला असं पाणी सुटलं की मी गोधडीचा कोपरा चावला.

आजीनं दोन घास खाल्ले. मग तिला चव कळली. ‘हे कुठनं आणलंस?’ आई गप्प. ‘बी फोडलंस व्हय गं?’ तिनं ताटली सारली. आई म्हणाली, ‘आत्याबाई, शिजलेलं आता उगवतंय का? खावा.’ तरी आजी ऐकेना. शेवटी निम्मं तिनं खाल्लं, निम्मं मला बोलावून दिलं. आईनं भांड्याला लागलेली खरवडसुद्धा चाटली नाही, पाणी घालून तीही आजीसाठी ठेवली.

आजी त्यातनं उठली. कण्यांमुळं उठली असं मी म्हणत नाही. पण त्या डेऱ्यातलं आणखी चिपटं नंतर निघालं नाही, हे मी पाहिलं आहे.

१९७३ चा पाऊस चांगला झाला. हस्तात अण्णांनी पाभर धरली, आई मागनं मूठ सोडत होती. बांधाजवळ येऊन बी संपलं. चार तासं रिकामी राहिली, तिथं अण्णांनी करडई पेरली. ज्वारीला दाणा भरायच्या आधी, कार्तिकात, आजी गेली. तिला हुरडा काही मिळाला नाही. सुगीत नवी ज्वारी दळून आणली तेव्हा पहिली भाकरी आईनं मला दिली नाही. तिचा तुकडा कावळ्याला ठेवला, आणि मीही कुरकुर केली नाही.

उजनीचं धरण १९८० ला पुरं झालं. पुढं पाटाच्या पाण्यानं भागात ऊस आला, रेशनला गहू मिळायला लागला. पूर्वी चपाती पाहुणा आला तर, नाहीतर सणाला. ती रोजची झाली, आणि भाकरी करणं हे कष्टाचं न् गरिबीचं लक्षण ठरलं. लग्न ठरवताना मुलीकडची मंडळी विचारायची, घरात भाकरी करावी लागते का? आता उलटं फिरलंय. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ हे भरडधान्याचं जागतिक वर्ष झालं, आणि साखरेच्या आजारानं डॉक्टर भाकरी लिहून देतात. पुण्याचे पाहुणे पीठ मागून नेतात. मी मनात म्हणतो, मिलो खाल्ला असता तर कळलं असतं.

मी अजून दोन एकर मालदांडी करतो. बाकी ऊस. परवडतं का, हे विचारू नका.

आई गेली तिला पाच वर्षं झाली. त्या रात्रीविषयी मी तिला एकदाच विचारलं होतं. म्हणाली, ‘चार तासं मोकळी राहिली, तेवढं ध्यानात हाय.’ मात्र त्या सालापासनं दरवर्षी बियाण्याचं माप झालं की ती वरनं एक चिपटं जास्तीचं टाकायची. तिच्यामागं माझी बायको टाकते. डेरा जाऊन प्लास्टिकचा पिंप आला, चिपटं जाऊन स्टीलचा डबा.

यंदा टाकताना सुनेनं विचारलं, ‘मामा, माप तर झालं की, हे कशाला?’ मी ओसरीवर बसून सांगायला लागलो, तोवर आतनं बायकोचा आवाज आला, ‘आधी जेवून घ्या, भाकरी निवायला लागलीय.’