खाजणांचे बांध आणि सरकारी साहाय्य

मांडवी व झुआरी या नद्यांतून भरतीचे खारे पाणी कित्येक मैल आत शिरते. त्यास मातीचे बांध घालून पूर्वजांनी जी भातशेती निर्माण केली, ती खाजणे. गोमंतकात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर भरते. तिचे प्राचीनत्व पाहावयाचे तर बांदिवडे येथे सापडलेल्या अनिर्जितवर्मा मौर्याच्या ताम्रपटात ‘खज्जन’ हा शब्द आलेला आहे.

बांधाची घडण साधी: चिखल, पेंढा, बांबू, जांभा दगड आणि नदीच्या अंगास खारफुटीची झाडे. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात व ओहोटीस उघडतात. परंतु खेकड्याने पाडलेले बोटभर भोक वेळीच बुजविले नाही, तर अमावास्येच्या एका उधाणात तेथे खिंड पडते, आणि खारावलेले शेत पुन्हा गोडे होण्यास एकाहून अधिक पावसाळे लागतात. बांधास माती लागते त्याहून अधिक राखण लागते.

ही राखण गावकरी संस्थेकडे होती. अफोंसु मेशिया याने १५२६ साली केलेल्या फोरालात गावकारांचे हक्क व रिवाज नोंदले गेले. संस्था शेते खंडाने देई, सरकारचा सारा भरी, बांध-मानशींचा खर्च भागवी आणि उरेल ते झोण म्हणून वाटी. बांध फुटला की झोण आटे. त्यामुळे डोळा बांधावर राही. सोळाव्या शतकात तिसवाडी-सासष्टीतून दैवते अंत्रुज महालात आणावी लागली, तेव्हा आपल्या कित्येक घराण्यांनी मागे टाकली ती हीच शेते.

संस्था निर्दोष होती असे मात्र कोणी समजू नये. झोण घेणाऱ्या पुष्कळांनी नांगर कधी धरला नव्हता, आणि ज्याचे पाय चिखलात त्याच्या नावे वीतभर जमीन नव्हती. १९६४ चा कूळकायदा व त्याची १९७६ ची दुरुस्ती यांनी या अन्यायाचे परिमार्जन आरंभिले, हे न्याय्यच झाले. पुढे बांधांची सामुदायिक जबाबदारी कूळसंघांकडे गेली, आणि संरक्षक बांधांच्या दुरुस्तीचा निम्मा भार सरकारने उचलावा असे ठरले. हे काम कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडे आले.

हेतू स्तुत्य खरा. पण अनुदान दुरुस्तीसाठी असते, आणि रोजच्या पहाऱ्याचे अंदाजपत्रक कोणी करीत नाही. टिपण, मंजुरी, निविदा ही वाट किती लांबची, हे ज्याचे आयुष्य कारकुनीत गेले त्यास निराळे सांगावयास नको. भरती तोवर थांबत नाही. त्यातच मानशीवरील मासळीचा लिलाव शेताहून किफायतशीर ठरला. मक्तेदारास खारे पाणी आत हवे, शेतकऱ्यास बाहेर. दारे कोणी केव्हा उघडावीत, या एका प्रश्नावर गावोगावी तंटे झाले व अनेक शेते पडीक राहिली.

२०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजणांच्या रक्षणाची स्वतंत्र तरतूद झाली. तरतुदीने खेकड्याचे भोक बुजत नाही. माझ्या मते लिलावाच्या रकमेतून राखणदाराचे वेतन प्रथम बाजूस काढावे, आणि सरकारने आपला वाटा खिंड पडण्याची वाट न पाहता दरसाल मृगापूर्वी, शाबूत बांधाच्या डागडुजीसाठीच द्यावा.