बिनतारी जोडणीची निवड : बटण-घटावरील उपकरणांचा प्रश्न

बिनतारी जोडणीच्या क्षेत्रात गुणांनी श्रेष्ठ असलेले तंत्रच अखेर टिकते, असा एक समज रूढ आहे. वेग, पल्ला व वीजखर्च यांचे कोष्टक मांडावे आणि त्यावरून उपकरणाचे तंत्र ठरवावे, ही पद्धत त्याच समजातून आलेली दिसते. गेल्या काही दशकांचा इतिहास मात्र तिला फारसा अनुकूल नाही.

१९८५ साली अमेरिकेच्या संघीय संदेशवहन आयोगाने २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा व आणखी दोन पट्टे विशिष्ट प्रकारच्या प्रक्षेपणास परवान्याविना खुले केले. मायक्रोवेव्ह भट्ट्याही याच पट्ट्यात चालत असल्याने ही जागा गोंगाटाची होती. भारतात तो पट्टा परवानामुक्त झाला २००५ मध्ये. स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सनने १९९४ मध्ये दूरध्वनी व त्याची जोड-उपकरणे यांमधील तार काढून टाकण्याचे काम हाती घेतले, आणि १९९८ मध्ये नोकिया, आयबीएम, इंटेल व तोशिबा त्यात सामील झाल्या. संकेत ७९ मार्गिकांवरून सेकंदास १६०० उड्या घेत जाई, त्यामुळे गोंगाट चुकविता येई. (दहाव्या शतकातील डॅनिश राजा हाराल्ड याच्या टोपणनावावरून ‘ब्लूटूथ’ हे नाव केवळ तात्पुरते म्हणून घेतले होते, तेच कायम झाले. कार्याशी काडीमात्र संबंध नसलेले नाव इतके रुळावे, हे भाषाभ्यासकाने नोंदवून ठेवण्याजोगे आहे.) १९९९ चे ११ मेगाबिट वेगाचे वाय-फाय संगणकांत शिरले, तेथे विजेची ददात नव्हती.

खरा पेच उभा राहिला तो बटणाएवढ्या घटावर महिनोन्‌महिने चालावयाच्या उपकरणांपुढे. सुमारे २२० मिलिअँपिअर-तासांच्या त्या घटाला मूळ ब्लूटूथ पेलणारे नव्हते. २००३ च्या ८०२.१५.४ मानकावर उभारलेले झिगबी बहुतेक वेळ निद्रिस्त राहते, २५० किलोबिटांवर समाधान मानते आणि शेजारच्या उपकरणांकरवी निरोप पुढे पोचविते. कोष्टकापुरते पाहता निवड येथेच संपावयास हवी होती.

पण ग्राहकाच्या खिशातील दूरध्वनीत झिगबी नव्हते. नोकियाने २००६ मध्ये जाहीर केलेल्या ‘वायब्री’चे मर्म नेमके येथे आहे. दूरध्वनीत आधीच बसलेल्या ब्लूटूथ चिपचा रेडिओभाग व अँटेना वापरूनच ते चालावे, अशी त्याची रचना होती. दूरध्वनी बनविणाऱ्यास अधिक खर्च जवळजवळ नव्हता. २०१० मध्ये ते ब्लूटूथच्या ४.० या आवृत्तीत समाविष्ट झाले व २०११ च्या आयफोन ४एसमध्ये आले. स्वतःची ओळख जाहीर करण्यासाठी ठेवलेल्या त्याच्या तीन मार्गिका वाय-फायच्या १, ६ व ११ या नेहमीच्या मार्गिका टाळून योजिल्या आहेत. गोंगाटाच्या शेजाराचा एवढा बारीक विचार कौतुकास्पद खरा. तथापि नाडीमापकासारख्या उपकरणांच्या रचनाकारांना त्याकडे वळविले ते मुख्यतः समोरच्या दूरध्वनीने.

झिगबी यामुळे नामशेष झाले नाही. दिव्याला घटाची चिंता नसते, आणि एका घरातील अनेक दिव्यांना एकमेकांकरवी निरोप पोचविणे सोयीचे पडते. फिलिप्सने २०१२ मध्ये आपल्या ‘ह्यू’ दिव्यांसाठी झिगबीच निवडले. मात्र दूरध्वनीशी बोलण्यासाठी दिव्यांसोबत एक वेगळी पेटी द्यावी लागली, आणि ती पेटी घरातील राउटरला तारेने जोडावी लागे.