अपघर्षक कर्तन चकत्या व वऱ्हाडातील पाषाणकाम

कठीण पदार्थ कापण्यासाठी अपघर्षक कण आणि ते धरून ठेवणारा बंधक यांपासून बनविलेल्या पातळ, वेगाने फिरणाऱ्या चकत्यांना कर्तन चकत्या म्हणतात. अमरावती व अकोला जिल्ह्यांत त्यांचा प्रसार विजेवरील हातयंत्रांबरोबर झाला. तथापि कोणत्या दगडास कोणते हत्यार लावावे, हा प्रश्न तेथील पाथरवटांपुढे त्यापूर्वी कित्येक शतके होताच.

वऱ्हाडचा बहुतेक भूभाग दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाने, म्हणजे काळ्या दगडाने, व्यापलेला आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी सालबर्डी व बहिरम या परिसरांत मात्र गोंडवनी वालुकाश्म उघडा पडलेला आढळतो. बाळापूरची मिर्झा राजे जयसिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी छत्री काळ्या दगडाची आहे, तर नरनाळ्याचा महाकाली दरवाजा (१४८७) पांढरट वालुकाश्माचा असून त्यावर कमळे, जाळ्या व कोरीव लेख आहेत. बेसाल्टातील स्फटिक परस्परांत घट्ट गुंतलेले असल्याने तो चिवट असतो. वालुकाश्म छिन्नीला लवकर वश होतो. परंतु त्यातील गारेचे कण हत्याराची धार झपाट्याने बोथट करतात. मऊ दगड हत्यारास सौम्य असतो, ही समजूत त्यामुळे खरी नव्हे.

जुन्या पद्धतीत मोठा दगड कापण्यापेक्षा फोडला जाई. ओळीने भोके पाडून त्यांत लोखंडी पाचरी ठोकीत आणि नंतर छिन्नी व टाकीने घडाई करीत. हत्यारांना धार लावण्यास कुरुंद वापरीत. संस्कृत ‘कुरुविंद’ व तमिळ ‘कुरुंदम्’ यांच्याशी या शब्दाचे नाते असून इंग्रजी नावही तेथूनच गेले आहे. शिकलगाराची साण कुरुंदाची पूड लाखेत घोळवून बनवीत. आधुनिक चकतीचे तत्त्व तिच्यात पूर्णपणे आहे. उणीव होती ती लाखेची, कारण ती उष्णतेने मऊ पडते.

एडवर्ड ॲचेसन यांनी १८९१ मध्ये अमेरिकेत विद्युत् भट्टीतून सिलिकॉन कार्बाइड मिळविले. बॉक्साइट वितळवून केलेले ॲल्युमिनियम ऑक्साइडही पुढे प्रचारात आले. महाराष्ट्रात उरणजवळील मोरा येथे १९४१ मध्ये ग्राइंडवेलचा शाणचक्रांचा कारखाना सुरू झाला. कृत्रिम हिऱ्याची घोषणा १९५५ मध्ये झाली.

चकतीची निवड केवळ कणांच्या काठिण्यावरून होत नाही. सिलिकॉन कार्बाइड हे ॲल्युमिनियम ऑक्साइडापेक्षा कठीण असूनही पोलादाला निरुपयोगी ठरते. तापलेल्या लोखंडात त्यातील कार्बन विरघळून कण लवकर झिजतात. म्हणून लोखंडी सळईस ॲल्युमिनियम ऑक्साइड व विटा, काँक्रीट किंवा दगड यांस सिलिकॉन कार्बाइड, असा सर्वसाधारण नियम आहे. त्याहून महत्त्वाचा भाग बंधकाचा आहे. हिऱ्याच्या चकतीत बोथट झालेला कण गळून पडला, तरच खालचा ताजा कण पुढे येतो. काळा दगड किंवा ग्रॅनाइट कापताना बंधक पुरेसा झिजत नाही, चकती गुळगुळीत होते आणि कापणे थांबते. तेथे मऊ बंधकच हवा. वालुकाश्म व ताजे काँक्रीट यांचा चुरा मात्र बंधकच खातो, म्हणून तेथे कठीण बंधक घ्यावा लागतो. दुकानात सर्व दगडांस एकच ‘ब्लेड’ मागणाऱ्या कारागिराचा खर्च याच कारणाने वाढतो.

धोक्याचा क्रम याच्या उलट आहे. बेसाल्टात सिलिका निम्म्याच्या आसपास असली, तरी ती बहुतेक फेल्स्पार व पायरोक्सीन या खनिजांत बद्ध असते. मुक्त गार फारच अल्प. कापायला सोपा वालुकाश्म मात्र बहुतांशी गारेचाच असतो आणि कोरडा कापल्यास त्याची सूक्ष्म धूळ सिलिकोसिस हा असाध्य फुप्फुसरोग जडवू शकते. १९४८ च्या कारखाना अधिनियमात हा रोग अधिसूचित होता. परंतु घरोघर फरशी कापणारा एकटा कारागीर कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाही. कापताना पाणी सोडल्याने धूळ बरीच बसते, मात्र विजेचे साधन त्यासाठी योग्य असावे लागते.

राळेच्या बंधकाच्या चकत्यांत काचतंतूंची जाळी असते. त्यांची परिघीय वेगमर्यादा सामान्यतः सेकंदास ८० मी. असते; म्हणजे १०० मिमी. व्यासाच्या चकतीस मिनिटाला सु. १५,३०० फेरे चालतात, तर ३५५ मिमी. चकतीस सु. ४,३०० च. मोठी चकती लहान यंत्रावर रक्षक आवरण काढून चढविल्यास ती फुटून कारागिरास गंभीर इजा होऊ शकते.