विदर्भाच्या तळ्यांतील सूक्ष्म प्रवासी

भंडारा जिल्हा तलावांसाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात भरणारी आणि उन्हाळ्यात काठापासून आटत जाणारी मालगुजारी तळी व त्यांच्या पाण्यावर पिकणारी भातखाचरे हे या भागाचे चिरपरिचित चित्र. अशा उथळ पाण्यात ऑस्ट्रॅकोड नावाचे कवचधारी जीव जगभर आढळतात. झिंगे आणि खेकड्यांच्या कुळातील हे प्राणी बहुधा अर्धा ते दोन मिलिमीटर लांबीचे असतात. शिंपल्याप्रमाणे मिटणाऱ्या दोन झडपांच्या कवचात त्यांचे शरीर सामावलेले असते. जीव मरतो, पण चुनखडीयुक्त कवच गाळात टिकते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी विदर्भात जी तळी होती, त्यांचा इतिहास या कवचांनीही जपून ठेवला आहे.

भंडाऱ्याची भूमी मात्र त्याहून कितीतरी प्राचीन आहे. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीज देणारे खडक तसेच साकोली परिसरातील खडक जीवाश्मांच्या काळापूर्वीचे आहेत. दख्खनच्या काळ्या पाषाणाची पूर्वेकडील सीमा शेजारच्या नागपूर जिल्ह्याच्या आसपास संपते. ऑस्ट्रॅकोडच्या जीवाश्मांचा शोध घेण्यासाठी त्यामुळे भंडाऱ्याहून पश्चिमेला, नागपूरकडे वळावे लागते.

दोन लाव्हांमधील तळी

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले. हे उद्रेक सलग नव्हते. एक प्रवाह थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत कधी कधी दीर्घ काळ लोटत असे. त्या अवधीत खोलगट जागी पाणी साचे, तळी निर्माण होत आणि काठावर वनस्पती वाढत. नंतरचा लाव्हा त्या तळ्यांवरून वाहून गाळाला झाकून टाकी. अशा थरांना भूशास्त्रात ‘इंटरट्रॅपियन’ म्हणजे आंतरलाव्हा थर म्हणतात. लाव्हा येण्यापूर्वी साचलेल्या गाळाचे थर नर्मदेवरील लमेटा घाटाच्या नावाने ओळखले जातात. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा आणि डोंगरगाव येथील डायनॉसोरचे अवशेष याच लमेटा थरांतील आहेत.

आंतरलाव्हा थरांतील ऑस्ट्रॅकोडची पहिली शास्त्रीय नोंद १८४० मध्ये झाली. माल्कमसन यांनी दख्खनच्या पूर्व भागातून जमवलेल्या जीवाश्मांत सॉवर्बी यांना ‘सायप्रिस’ वर्गातील कवचे आढळली. नागपुरात या अभ्यासाचा पाया स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन स्कॉटिश मिशनऱ्यांनी घातला. १८५१ मध्ये त्यांना नागपूरजवळील टाकळी येथे जीवाश्मांचा साठा मिळाला. गोड्या पाण्यातील गोगलगायी, फळे, बिया आणि ऑस्ट्रॅकोड असा तो संग्रह होता. हिस्लॉप यांच्या १८६० मधील प्रबंधासाठी इंग्लंडमधील रूपर्ट जोन्स यांनी या सूक्ष्म कवचांचे वर्णन केले. १८६३ मध्ये हिस्लॉप यांचा बुडून मृत्यू झाला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

पाय नसलेल्या तळ्यांतून प्रवास

टाकळीच्या थरांत मिळणाऱ्या काही जाती कच्छमधील अंजार, राजस्थानातील कोटा परिसर आणि कर्नाटकातील गुलबर्गा (आताचे कलबुर्गी) येथेही आढळल्या आहेत. ही ठिकाणे एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. त्यांच्यामध्ये लाव्हाचे ओसाड माळ होते. गोड्या पाण्यातील, मिलिमीटरभर लांबीचा जीव एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात पोहोचला कसा, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

याचे उत्तर त्याच्या अंड्यांत आहे. गोड्या पाण्यातील अनेक ऑस्ट्रॅकोडची अंडी कोरड्या चिखलात दीर्घकाळ जिवंत राहतात. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ जी. ओ. सार्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातून मागवलेल्या सुक्या मातीवर पाणी घालून त्यातून जिवंत ऑस्ट्रॅकोड वाढवून दाखवले होते. ही अंडी वाऱ्याने उडतात, प्राण्यांच्या अंगावरील चिखलाबरोबर वाहून नेली जातात आणि पाणपक्ष्यांच्या पचनसंस्थेतूनही सुखरूप बाहेर पडू शकतात. शिवाय अनेक जातींत मादी नराविना प्रजनन करते. म्हणजे नव्या तळ्यात एकच अंडे पोहोचले, तरी वसाहत उभी राहू शकते. लाव्हाने एक तळे नष्ट केले तरी दुसऱ्यातून पुन्हा सुरुवात करण्याची सोय या जीवाजवळ होती.

बेट झालेला भारत

जमिनीवरचे अंतर ओलांडणाऱ्या या जिवाला समुद्र ओलांडता आला का, हा त्यापुढचा प्रश्न. भारताचा भूखंड सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी मादागास्करपासून विलग झाला आणि उत्तरेकडे सरकू लागला. आशियाशी त्याची टक्कर सुमारे ५ ते ५.५ कोटी वर्षांपूर्वी झाली. दख्खनचे उद्रेक झाले तेव्हा भारत या प्रवासाच्या मध्यावर होता.

वेल्समधील रॉबिन व्हॉटली आणि भारतीय जीवाश्मशास्त्रज्ञ सुनील बाजपेयी यांनी आंतरलाव्हा थरांतील ऑस्ट्रॅकोडचा विस्तृत अभ्यास केला. यातील बहुसंख्य जाती केवळ भारतातच आढळणाऱ्या आहेत, असे त्यांनी २००६ च्या शोधनिबंधात मांडले. भूखंड एकाकी असल्याचा हा पुरावा ठरतो. मात्र काही प्रजातींचे, उदाहरणार्थ ‘फ्रॅम्बोसायथेरी’चे, नातलग युरोपातही सापडले आहेत. त्यामुळे भारताचा इतर भूभागांशी संपर्क पूर्णपणे तुटला नव्हता, असेही काही संशोधक मानतात. भारतात विकसित झालेले काही गट टक्कर झाल्यानंतर आशियात पसरले असावेत, या विचाराला ‘आउट ऑफ इंडिया’ असे नाव आहे.

समुद्र किती आत आला?

मध्य भारतात समुद्र शिरला होता का, या वादातही ऑस्ट्रॅकोडची साक्ष महत्त्वाची ठरली आहे. नागपूरच्या उत्तरेस मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली नावाचे गाव आहे. तेथील आंतरलाव्हा थरात गोड्या पाण्यातील ऑस्ट्रॅकोडबरोबर मचूळ पाण्यात राहणाऱ्या जाती आणि समुद्रात तरंगणारे फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव मिळाले. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गेर्टा केलर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ही माहिती प्रसिद्ध केली. डायनॉसोर नामशेष झाल्यानंतर लगेचच्या काळात नर्मदा-तापीच्या खोऱ्यातून समुद्राचा फाटा आतपर्यंत आला असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्याहून कितीतरी आधी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता, याची साक्ष धार जिल्ह्यातील बाघचे सागरी थर देतात. टाकळीच्या थरांतील जीव मात्र मुख्यतः गोड्या पाण्याचे आहेत. म्हणजे जवळजवळच्या प्रदेशांत एकीकडे तळी आणि दुसरीकडे खाडी, असे चित्र या कवचांवरून समोर येते.

गाळाचे मोल

ऑस्ट्रॅकोडच्या अभ्यासाला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. थरातील माती भिजवून मोकळी करायची, बारीक चाळणीतून धुवायची आणि उरलेल्या कणांतून सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने एकेक कवच वेचायचे, ही त्याची मूळ रीत. परंतु त्यासाठी थर उघडा असावा लागतो. आंतरलाव्हा थर अनेकदा काही मीटरच जाडीचे असतात आणि ते खाणीत, विहिरीच्या खोदकामात किंवा टेकडीच्या उतारावर दिसतात. टाकळीचा परिसर आता नागपूर शहरात सामावला आहे. तेथील थर एकदा इमारतींखाली गेला की त्यातील नोंद अभ्यासकांना पुन्हा वाचता येत नाही. आधीच्या पिढ्यांनी जमवलेले नमुने जतन करणे आणि पायाच्या खोदकामात उघड्या पडणाऱ्या मातीचे नमुने वेळीच घेणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.